टॅक्सीचं लायसन द्यायला माणूस 'लायक' आहे हे ठरवायचं कसं?

खारी_बिस्किट
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जिलबी वाटली तर सांभाळून घ्या.

मी इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात काउन्सिलमधे कारकुनी करतो. गावाचं नाव सांगणार नाही. टॅक्सी ड्रायव्हरच्या लायसनसाठी येणारे बहुतेक अर्ज ऑफिसातच निकाली निघतात, पण ज्यांच्या फाइलमधे काहीतरी खुपतं ते कमिटीसमोर जातात. तीन नगरसेवक, काउन्सिलचा वकील, समोर अर्जदार, आणि कोपऱ्यात कागद लावणारा नि मिनिट्स लिहिणारा मी. मला मत नाही. चहा आहे.

कायदा १९७६ चा. त्यातलं मुख्य वाक्य एवढंच की माणूस 'फिट अँड प्रॉपर' आहे अशी खात्री पटल्याशिवाय लायसन द्यायचं नाही. फिट म्हणजे काय नि प्रॉपर म्हणजे काय हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. २०२० मधे सरकारने सगळ्या काउन्सिलांसाठी मानकं काढली त्यात एक कसोटी दिलीय, ती माझ्या भाषेत सांगतो: तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, ते कुठल्याही अवस्थेत असो, दिवसा किंवा रात्री कधीही, या माणसाच्या गाडीत एकटं पाठवाल का? उत्तर नाही असेल तर लायसन नाही. आणि संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही. कोर्टाच्या बरोबर उलटं. इथे आपण बरे आहोत हे त्यानेच पटवून द्यायचं.

आता केस. (तपशील इतके फिरवलेत की तो स्वतः वाचेल तरी ओळखणार नाही.) वय ३१. बाविसाव्या वर्षी रात्री कबाबच्या दुकानाबाहेर मारामारी केली, समोरच्याला इजा झाली, शिक्षा झाली. तुरुंग नाही, बारा महिन्यांची कम्युनिटी ऑर्डर, दीडशे तास फुकट काम. ती पुरी होऊन आठ वर्षं झाली. मानकं म्हणतात हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा पूर्ण झाल्यावर निदान दहा वर्षं गेली पाहिजेत, पण तीच मानकं असंही म्हणतात की प्रत्येक केस तिच्या तिच्या गुणांवर बघा. मधल्या काळात पोलीस-बिलीस काही नाही. लग्न, दोन पोरं, पार्सलची व्हॅन चालवतो.

तुम्ही कमिटीत असता तर काय केलं असतं? सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे.

कटिंग_चहा
मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नाना_सदाशिव
आमच्या पुण्यात ही पद्धत उलटी आहे. इथे प्रवासी लायक आहे की नाही हे रिक्षावाला ठरवतो. काल सुनावणी झाली माझी, स्वारगेटच्या कोपऱ्यावर. "कोथरूड?" त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि अर्ज फेटाळला. अपील नाही.

कटिंग_चहा
@नाना =))

शमा_ठाणे
नाना, हसले, पण मी सिरियस उत्तर देते. मी नाही पाठवणार. म्हणजे मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, बाविसाव्या वर्षी मुलं मूर्खपणा करतात, माझ्या भावानेही केलेत, पण टॅक्सी ही काही साधी नोकरी नाही ना. दुकानात असा माणूस असला तर मी बाहेर पडू शकते, ऑफिसात असला तर आजूबाजूला दहा जण असतात, गाडीत मात्र दार बंद, रस्ता तो ठरवणार, आणि मी रात्री साडेअकराला थकून मागे बसलेली. कसोटीत 'कुठल्याही अवस्थेत' हे शब्द ज्याने घातले त्याला माझा नमस्कार, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे, माणूस शुद्धीत धडधाकट असताना कोणीही ड्रायव्हर चालतो.

दहा म्हटलंय तर दहा. दोन वर्षं थांबेल तो.

मिसळ_नको_पाव
@शमा, मग 'प्रत्येक केस गुणांवर' याला अर्थच काय उरला? कॅलेंडर बघून ठरवायचं तर तीन नगरसेवक कशाला, शिपाई पण सांगेल. आठ वर्षं अकरा महिने एकोणतीस दिवसांचा माणूस नालायक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच लायक?

शमा_ठाणे
आधी गणित सुधारा, दहा वर्षं आहेत, नऊ नाही. :) आणि हो, रेघ कुठेतरी मारावी लागतेच. मतदानाला अठरा पूर्ण लागतात तेव्हा सतरा वर्षं ३६४ दिवसांच्या मुलाला आपण मूर्ख म्हणत नाही.

वकीलबाई
थोडं भारतातलं सांगते, विषय जवळचा आहे म्हणून. आपल्याकडे कायद्यात 'फिट अँड प्रॉपर' छाप सुनावणी ड्रायव्हरसाठी नाही. पूर्वी टॅक्सी चालवायला कमर्शियल लायसन आणि बॅज, बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी, आणि ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसनला किमान आठवी पास. २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने मुकुंद देवांगन केसमधे सांगितलं की ज्याच्याकडे हलक्या मोटारीचं लायसन आहे तो ७५०० किलोपर्यंतचं हलकं ट्रान्सपोर्ट वाहन पण चालवू शकतो, वेगळा शेरा लागत नाही. ते प्रकरण विम्याचं होतं, पण त्याच्या आधारावर २०१८ मधे केंद्राने राज्यांना कळवलं की टॅक्सीला कमर्शियल लायसनची सक्ती नको. नोव्हेंबर २०२४ मधे घटनापीठाने तेच कायम केलं. आठवी पासची अट २०१९ मधे गेली, ती जायलाच हवी होती म्हणा, गाडी चालवायला इतिहास-भूगोल कशाला.

पण यात झालं असं की माणूस तपासायची जी एक जुनी चाळणी होती ती सैल झाली आणि तपासणी बरीचशी अॅप कंपन्यांच्या अंगावर पडली. आणि दाखला असून काय होतं ते डिसेंबर २०१४ च्या दिल्लीच्या प्रकरणात दिसलंच. उबरच्या ड्रायव्हरने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला होता, आणि त्याचा चारित्र्याचा दाखलाच बनावट निघाला होता.

नाना_सदाशिव
चारित्र्य पडताळणीबद्दल मी बोलतो. आमच्या शेजारच्या पोराने बॅज काढला होता, वीसेक वर्षं झाली. चौकीचं नाव सांगत नाही. हवालदार घरी आला, चहा घेतला, मला हाक मारली. "पोरगा कसा आहे?" म्हटलं चांगला आहे, फक्त स्पीकर मोठ्याने लावतो. त्यांनी लिहिलं, 'वर्तणूक चांगली'. स्पीकरचं लिहिलं नाही. पडताळणी संपली.

रिमझिम_पाऊस
आणि तो पोरगा पुढे कसा निघाला नाना?

नाना_सदाशिव
उत्तम निघाला. स्पीकर अजून मोठा आहे.

स्विंडनकार
देव बरें करूं. मी गोयंचो, मराठी थोडं इकडेतिकडे होईल ते चालवून घ्या. पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलो, आमचे पुष्कळ लोक आहेत स्विंडनला, आता सात वर्षं प्रायव्हेट हायर (आधी बुक करायची टॅक्सी, मिनीकॅब म्हणतात ती) चालवतो. तर ज्यांना वाटतं लायसन म्हणजे फॉर्म भरला नि झालं त्यांच्यासाठी माझी हकीकत.

एक तर वरच्या दर्जाचा डीबीएस, म्हणजे पोलीस रेकॉर्डचा दाखला, त्यात पोलिसांना योग्य वाटली तर शिक्षा न झालेली माहितीपण येते. तो एकदा काढून भागत नाही, दर सहा महिन्यांनी परत बघतात. मी गोव्यात राहिलेल्या वर्षांसाठी तिथला पोलिसांचा दाखला वेगळा, त्यासाठी माझ्या भावाने म्हापशाहून पणजीला किती खेपा घातल्या ते त्यालाच विचारा. मग मेडिकल, ते साध्या गाडीचं नाही, बस-ट्रक ड्रायव्हरचं जे असतं ते. मग इंग्रजीची परीक्षा, लहान मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग, गावातल्या रस्त्यांची परीक्षा. लायसन मिळाल्यावर अटक झाली तर ४८ तासांत काउन्सिलला कळवायचं. टॅक्स भरतो याचा पुरावा रिन्युअलला लागतो २०२२ पासून. एवढं सगळं करून मग शनिवारी रात्री दोनला मागच्या सीटवर कोणी ओकलं की तुम्ही 'फिट', फडकं घेऊन पुसणं 'प्रॉपर'.

कटिंग_चहा
शेवटचं वाक्य सोन्याने मढवा कोणीतरी.

अटकेपार_बंडू
लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांना तर ते नॉलेज पाठ करावं लागतं ना? चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले २५ हजार रस्ते म्हणे. माझा साहेब सांगत होता एकाला चार वर्षं लागली. त्यापेक्षा माणूस सीए होतो.

वकीलबाई
नॉलेजवरून आठवलं. जॉन वरबॉइज, २००९ मधे शिक्षा झाली, प्रवासी बायकांना गुंगीचं औषध देऊन अत्याचार केले. तो लायसनवाला काळी टॅक्सीवालाच होता. म्हणजे परीक्षा, बॅज, सगळं रीतसर. रेकॉर्ड तपासून फक्त आधी पकडले गेलेले सापडतात.

जळगावचं_भरीत
सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. रॉदरहॅममधे काय झालं ते गूगल करा, कोण लोक होते तेही बघा, मग ठरवा कोणाला लायसन द्यायचं.

खारी_बिस्किट
@भरीत, रॉदरहॅमचे अहवाल मला कामासाठी वाचावे लागलेत म्हणून सांगतो. २०१४ चा प्राध्यापक जे यांचा अहवाल, १९९७ ते २०१३ मधे अंदाजे १४०० मुलांचं लैंगिक शोषण, त्यात टॅक्सीवाल्यांचा सहभाग ठळक होता. मग फेब्रुवारी २०१५ मधे लुईस केसी यांचा अहवाल, त्यात टॅक्सी लायसनवर अख्खं प्रकरण आहे. त्यातून माझ्यासारख्या कारकुनाने घ्यायचं ते हे की तक्रारी आल्या होत्या, कागद होते, पण 'शिक्षा झालेली नाही ना' म्हणून लायसन चालू राहिली. म्हणून आज आम्ही शिक्षा नसली तरी तक्रारी धरतो. आता हे सगळं अर्जदाराचं आडनाव बघून ठरवायचं असतं तर कमिटी कशाला, माझा अर्जदार कोण जातीधर्माचा आहे ते मी मुद्दाम लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही.

रिमझिम_पाऊस
+१. भरीतात कांदा जास्त झालाय.

मिसळ_नको_पाव
मला अजून एक कळत नाही. त्याला दोन पोरं आहेत, लायसन नाकारलं तर पोट कसं भरायचं हे कमिटी बघते का? माणूस सुधारला तर समाजाने त्याला कुठेतरी दार उघडायला नको का, नाहीतर शिक्षा संपली म्हणायची कशाला.

खारी_बिस्किट
नाही बघायचं. लीड्सच्या एका केसमधे २००२ मधे हायकोर्टाने तसंच सांगितलं, ड्रायव्हरच्या घरची परिस्थिती जवळजवळ गैरलागू, प्रश्न प्रवाशाच्या सुरक्षिततेचा. ऐकायला कठोर वाटतं पण विचार करा, ज्याची पोरं जास्त त्याला सूट, असं कसं चालेल. आणि एरवी जुने गुन्हे कायद्याने 'संपलेले' धरतात, टॅक्सीवाल्यांना त्यातून वगळलंय.

अटकेपार_बंडू
मग नाकारला तर तो शेजारच्या गावात अर्ज करेल ना? मी मँचेस्टरला आहे, इथे निम्म्या गाड्यांवर वुल्व्हरहॅम्प्टनची पाटी. पहिल्यांदा बघून वाटलं एवढ्या लांबून रोज येतात की काय.

खारी_बिस्किट
हाहा, ते प्रायव्हेट हायरच्या नियमामुळे, लायसन, गाडी आणि ऑपरेटर एकाच काउन्सिलचे असले की देशात कुठेही भाडं मारता येतं. पण नकार लपवणं आता अवघड. २०२२ च्या कायद्याने नाकारलेल्या आणि रद्द केलेल्यांची नोंद एका राष्ट्रीय यादीत घालणं आणि अर्ज आला की ती यादी बघणं काउन्सिलला बंधनकारक केलंय.

साखर_कमी
अवांतर: ते मेडिकलचं वर आलं म्हणून विचारते, माझ्या दिरांना इन्शुलिन चालू झालंय, ते तिकडे लीस्टरला मिनीकॅब चालवतात. लायसन जाईल का?

स्विंडनकार
ताई, आपोआप जात नाही, पण इन्शुलिन म्हटलं की कडक बघतात. दर वर्षी तपासणी, गाडी चालवताना दर दोन तासांनी शुगर बघायची, मशीनमधे आकडे साठलेले पाहिजेत, ते डॉक्टर उघडून बघतो. लपवू नका म्हणावं त्यांना. काउन्सिलला नि डीव्हीएलएला (ड्रायव्हिंग लायसनचं सरकारी खातं) दोन्हीकडे कळवा. माझ्या स्टँडवर एकाने लपवलं आणि लायसन गेलं ते लपवल्यामुळे, शुगरमुळे नाही.

साखर_कमी
धन्यवाद भाऊ, आत्ताच फोन करते.

स्विंडनकार
आता मूळ केसवर येतो. सगळे त्या मारामारीवरच भांडतायत. मी ड्रायव्हर म्हणून विचारतो, त्याच्या गाडीच्या लायसनवर पॉइंट, म्हणजे वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचे दंडाचे गुण, किती आहेत? पार्सलवाला आहे ना? दिवसाला दीडशे दारं, हातात मोबाइल. मला प्रवासी म्हणून त्याची मूठ नको दाखवू, त्याचा अंगठा दाखव.

खारी_बिस्किट
पकडलंत पात्रांव. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, बघत होतो कोण विचारतं.

सहा पॉइंट आहेत. दीड वर्षापूर्वी, व्हॅन चालवताना हातात फोन, लाल सिग्नलला पुढचा पत्ता बघत होता. दोनशे पौंड दंड. आणि आमच्या फॉर्ममधे स्पष्ट विचारलंय, शिक्षा, ताकीद, दंड, सगळं लिहा. मारामारीबद्दल त्याने एक अख्खं पान हाताने लिहून जोडलंय. 'मी प्यायलो होतो, त्याचा दात पडला, चूक माझी होती, मी नंतर माफी मागायला गेलो, त्याने दार उघडलं नाही.' असं. निळ्या पेनने, खाडाखोड करून. मी एवढ्या फाइली बघितल्यात, असं कोणी लिहीत नाही, वकील लिहून देतो ते गुळगुळीत इंग्रजी असतं. पण फोनच्या दंडाच्या चौकटीत: 'नाही'. आम्हाला डीव्हीएलएकडून कळलं. ऑफिसातून विचारलं तर म्हणाला, मला वाटलं तुम्ही गुन्ह्यांबद्दल विचारताय.

मिसळ_नको_पाव
अरेच्चा. मग मी माझं मत मागे घेतो. थांबा, घेतो का? सिग्नलला उभ्या गाडीत पत्ता बघणं हे मी आज सकाळी केलंय.

शमा_ठाणे
तेच तर ना. आपण सगळे करतो म्हणून तो गुन्हा वाटत नाही. माझं मात्र मत आता उलटं फिरलं, गंमत बघा. ते निळ्या पेनचं पान वाचून मारामारीसाठी मी दोन वर्षं माफ केली असती. फोनसाठी नाही करणार. माझी आई ओलाने जाते तेव्हा ड्रायव्हर कोणाला मारेल ही भीती मला नसते, तो डॅशबोर्डवर क्रिकेट बघत असतो ही असते.

नाना_सदाशिव
आमच्या इथे तर एकाने मलाच फोन धरायला दिला, "काका जरा मॅप बघा". मी फिट आहे की नाही विचारलं नाही.

वकीलबाई
फोनसाठी तिथल्या मानकांत किती वर्षं आहेत?

खारी_बिस्किट
पाच. आणि जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटी माहिती देणं हा १९७६ च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. पण खोटं आणि गैरसमज यातली रेघ कमिटीने ओढायची.

जळगावचं_भरीत
गैरसमज कसला, चलाखी आहे. मोठं सांगून टाकलं म्हणजे छोटं कोणी शोधणार नाही.

रिमझिम_पाऊस
भरीत, या वेळी तुमचं पटलं, तारीख लिहून ठेवते. पण मला तरी तो चलाख वाटत नाही. चलाख माणूस दार उघडलं नाही हे लिहीत नाही.

मिसळ_नको_पाव
आणि कंपन्यांचं काय? लंडनमधे उबरलाच ट्रान्सपोर्ट खात्याने 'फिट अँड प्रॉपर नाही' म्हणून २०१७ मधे नाकारलं होतं, २०१९ मधे परत. दुसऱ्यांदा तर भलत्याच माणसांनी दुसऱ्याच्या खात्यावर फोटो लावून निदान १४ हजार फेऱ्या मारल्या म्हणून. २०२० मधे मॅजिस्ट्रेटने लायसन दिलं. मोठ्यांकडे अपिलाला वकिलांची फौज असते, हा गडी एकटा.

खारी_बिस्किट
अपील यालाही आहे, २१ दिवसांत, त्याच मॅजिस्ट्रेट कोर्टात. पण बरोबर आहे तुमचं, खर्च असतो.

कटिंग_चहा
धागा वर काढतोय. सुनावणी झाली का?

खारी_बिस्किट
झाली, मंगळवारी. उशीर झाला, माफ करा.

पाऊण तास चालली. एका नगरसेवक बाईंनी मारामारीबद्दल विचारलं, त्याने उत्तर दिलं, दोन मिनिटांत ते संपलं. उरलेला सगळा वेळ फोन. अध्यक्षांनी विचारलं, रात्री गाडीत प्रवासी आहे, अॅपवर पुढचं भाडं वाजलं, काय करशील? तो म्हणाला, स्टँडवर लावलेला असेल, एकदा टॅप करीन. अध्यक्षांनी परत विचारलं, आणि स्टँड तुटला तर? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, खरं सांगू, उचलीन. वकिलाने पेन खाली ठेवलं.

नाकारलं. कारणांत लिहिलंय फोनचा दंड आणि तो फॉर्मवर न लिहिणं. जुन्या शिक्षेबद्दल, त्याने मोकळेपणाने सांगितलं याची दखल घेतली, एवढंच. पुढे परत अर्ज करायला हरकत नाही असंही.

शमा_ठाणे
'उचलीन' म्हणाला? अरे देवा. आता मला त्याच्याच गाडीत बसावंसं वाटतंय.

स्विंडनकार
माझ्या स्टँडवरचे सगळे 'कधीच नाही' म्हणाले असते. मी पण.

मिसळ_नको_पाव
म्हणजे खोटं बोलला असता तर मिळालं असतं?

खारी_बिस्किट
माहीत नाही हो. मी मिनिट्समधे त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. जाताना त्याने माझ्याकडे ते निळ्या पेनचं पान परत मागितलं. म्हटलं ते आता रेकॉर्डला गेलं, देता येत नाही, हवी तर झेरॉक्स देतो. घडी घालून खिशात ठेवली आणि बसचं टाइमटेबल कुठे लावलंय ते विचारलं.

नाना_सदाशिव
झेरॉक्सचे पैसे घेतलेत का?

खारी_बिस्किट
दहा पेन्स होतात नियमाप्रमाणे. नाही घेतले.

नाना_सदाशिव
मग तुमचीच फाइल कमिटीपुढे जायला पाहिजे.